दादाला किती दिसतं?

बौद्धिक दिव्यांग माणसाची नजरही वयाबरोबर कमी होऊ लागली, तर घरी त्याला मिळणारी मदत चांगली की अपुरी, हे कशावरून ठरवायचं? बहुतेक घरांत हा प्रश्न उभाच राहत नाही. आई आहे, ती सगळं करते, एवढ्यावर विषय संपतो. तो तिथं संपू नये असं मला वाटतं, म्हणून दोघींना समोरासमोर बसवलं आहे. एक मावशी, सत्तरीकडे झुकलेली, लग्न होऊन आली तेव्हापासून शेगावात. तिचा मुलगा, दादा, चाळिशीचा, डाउन सिंड्रोम असलेला. दुसरी तिची भाची, अकोल्यात विशेष शिक्षिका. या दोघी मी रचलेल्या आहेत. त्या जे बोलतात ते मात्र शेगाव-खामगाव-अकोला या पट्ट्यातल्या घरांतून खरोखर बोललं जातं, आणि दोघींपैकी कोणीही वाईट नाही. वाद आहे तो दोन चांगल्या बायकांमधला.

मावशी : आल्यापासून घर न्याहाळून राह्यली. काय हुडकून राह्यली व?

भाची : दादा मघाशी उंबरठ्यापाशी थांबला. पायानं चाचपलं, मग आत आला. हे कधीपासून?

मावशी : लय दिवस झाले. हट्टी झाला तो आता. आधी गजानन महाराजाची पालखी निघाली का सगळ्यायच्या पुढं जाऊन उभा राहे. आता दुपारी घराबाहेर पाय ठेवत नाई. डोळ्यावर हात धरते अन् माघारी फिरते.

भाची : आणि संध्याकाळी?

मावशी : दिवेलागणीले गेटापर्यंत जाते. म्हून तर म्हणलं, मनाचं हाय त्याच्या.

भाची : मावशी, मोतीबिंदू असला की कडक उन्हात डोळ्यांपुढे नुसता पांढरा धूर होतो. उन्हं उतरली की थोडं बरं दिसतं. दादा दुपारी निघत नाही आणि सांजेला निघतो, हा हट्ट असेल की नजर?

मावशी : मोतीबिंदू म्हाताऱ्यायले होते. तो चाळीसचा हाय.

भाची : डाउन सिंड्रोममध्ये तो लवकर होतो. चष्म्याचा नंबर तर बहुतेकांना लागतोच. काहींचं बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, सतत डोळे चोळण्याची सवय असली की ते आणखी वाढतं. दादा डोळे चोळतो ना?

मावशी : लहानपणापासून चोळते. आमी हात बाजूले करत असू. कोणी कधी सांगतलं नाई का त्याच्यापाई डोळे दाखवा म्हून. दवाखान्यात नेलं का एकच बोलणं, असे लेकरं असेच राह्यते.

इथं मला मध्ये बोललंच पाहिजे. ‘असे लेकरं असेच राह्यते’ हे वाक्य दवाखान्यात, शाळेत, नातेवाइकांत सारखं कानावर येतं, आणि त्यानं फार नुकसान केलं आहे. एक अपंगत्व नोंदवलं गेलं की पुढचं प्रत्येक लक्षण त्याच्याच खात्यावर जमा होतं. धडपडला, तो तसाच. ताट ढकललं, तो तसाच. अनोळखी माणसाला घाबरला, तो तसाच. ब्रिटनमध्ये एरिक इमर्सन आणि जॅनेट रॉबर्टसन यांनी २०११ साली मांडलेल्या अंदाजानुसार बौद्धिक दिव्यांग प्रौढांमध्ये गंभीर दृष्टिदोष असण्याची शक्यता इतरांच्या दहापट असते. ज्या देशात डोळे तपासण्याची सोय सहज मिळते तिथली ही स्थिती. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत एकाहून अधिक अपंगत्व असलेल्यांची संख्या २१ लाखांवर भरली. ज्यांचं दुसरं अपंगत्व कोणी तपासलंच नाही ते या आकड्यात येणारच नाहीत, हे उघड आहे. दादासारख्याच्या प्रमाणपत्रावर पहिलंच अपंगत्व लिहिलेलं असतं आणि जन्मभर तेवढंच राहतं.

मावशी : बरं, दाखवू डोळे. पण त्याले अक्षरं कुठं येते? डॉक्टर इचारन, वरची ओळ वाच, तर हा काय सांगन?

भाची : अक्षरांची गरजच नाही. चष्म्याचा नंबर डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून काढता येतो, त्यात पेशंटला एक शब्दही बोलावा लागत नाही. रेटिनोस्कोपी म्हणतात. नजर किती आहे ते बघायला चित्रांचे तक्ते आहेत. फिनलंडच्या डॉक्टर लेआ ह्युव्हॅरिनेन यांनी १९७६ मध्ये चारच आकारांचा तक्ता केला, सफरचंद, घर, गोल आणि चौकोन. दादाला नाव घेता आलं नाही तरी हातातल्या कार्डाशी जोडी लावता येईल. तेही जमलं नाही, तर कार्डिफची कार्डं आहेत. कार्डाच्या वरच्या किंवा खालच्या भागात फिकट होत जाणारं चित्र असतं, आणि तपासणारा फक्त एवढंच बघतो की नजर कुठे वळली.

मावशी : अन् ऑपरेशन निघालं तर? तो पाच मिनिटं एका जागी बसत नाई. डोळ्यात हात घातला तर सारा दवाखाना डोक्यावर घेईन.

भाची : म्हणूनच त्याला शिबिरात नेऊन भागणार नाही. शिबिरात डोळ्यापुरती भूल देतात, कारण बाकीचे पेशंट स्वस्थ पडून राहतात. दादाला पूर्ण भूल लागेल, म्हणजे भूलतज्ज्ञ आणि हृदयाची तपासणी असलेलं मोठं रुग्णालय. डाउन सिंड्रोममध्ये हृदयाचा दोषही असू शकतो, तो आधी बघावा लागतो. थायरॉईडही.

मावशी : पूर्ण भूल! नाई व माय. झोपला अन् उठलाच नाई तर? दिसत नाई तं नाई. मी हाय ना त्याचे डोळे.

भाची : मावशी, तुझा मोतीबिंदू जालन्याला गणपती नेत्रालयात काढला. पट्टी सोडली तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं?

मावशी : म्हणलं, भितीचा रंग असा हाय हे मले माहीतच नव्हतं.

भाची : दादाला तो रंग कोण दाखवणार?

मावशी गप्प राहते. माझ्या मते साऱ्या वादाचं मर्म इथंच आहे. या आईनं मुलासाठी काय केलं नाही? आपल्या डोळ्यासाठी जालन्याची बस धरावी हे तिला सुचलं, त्याच्या डोळ्यासाठी मात्र कुणाच्याच मनात आलं नाही. प्रेम कमी होतं म्हणून असं झालेलं नाही. ज्याला ‘समजत नाही’ असं एकदा ठरलं, त्याला ‘दिसतं किती’ हे विचारायची जागाच उरत नाही. भुलीची भीती मात्र खरी आहे. ती हसून उडवू नये. ऑपरेशन करायचं की नाही हे भूलतज्ज्ञाशी नीट बोलून ठरावं, आणि नको असं ठरलं तरी पुढचा सगळा विषय तसाच उभा राहतो: कमी दिसणाऱ्या माणसाला हे घर कसं आहे?

भाची : आता त्याचं ताट बघ. चकचकीत स्टीलचं, त्यात पांढरा भात, वर दही. खिडकीचा उजेड ताटावर पडतो आणि परततो. त्याला भात कुठे संपला आणि ताट कुठे सुरू झालं हे कळतच नसेल. म्हणून तो हातानं चिवडतो आणि तुम्ही म्हणता, चिवडू नको.

मावशी : म्हून तर मी भरवते.

भाची : गडद निळं किंवा हिरवं ताट घे. खाली वेगळ्या रंगाची चादर अंथर. पाणी पारदर्शक ग्लासात देऊ नको, लाल पेल्यात दे. वरण नेहमी उजवीकडे, भाकरी नेहमी डावीकडे. ‘दादा, समोर भात, उजव्या हाताला वरण’ असं रोज त्याच शब्दांत सांग. पंधरा दिवस दे त्याला. सांडेल, सांडू दे.

मावशी : अन् चहा अंगावर सांडला होता तेव्हा? फोड आले होते त्याच्या मांडीवर. तवापासून मी ठरवलं, याच्या हातात काही द्याचंच नाई.

भाची : गरम चहा नको देऊस. कोमट दे. पण हातात दे.

मावशी : तुले दोन दिवस राह्याचं हाय, मले जन्मभर. सांडलेलं मी पुसते, तू नाई.

याला भाचीकडे उत्तर नाही आणि नसावंही. प्रशिक्षण घेतलेली माणसं अशा घरात आली की सूचनांची यादी देतात, आणि त्या यादीतली प्रत्येक ओळ एकाच बाईच्या अंगावर पडते. सांडू दे म्हणणं सोपं आहे. फरशी पुसणारे गुडघे मावशीचे आहेत. म्हणून मदतीचा दर्जा विचारताना मदत करणाऱ्याची दमछाकही त्यातच मोजली पाहिजे.

तरी घराची मांडणी हा असा भाग आहे की त्यात कष्ट एकदाच आहेत. भाचीनं जे न्याहाळलं ते मी थोडं सविस्तर सांगतो, कारण विदर्भातल्या घरांचे काही धोके पुण्या-मुंबईच्या पुस्तिकांत येत नाहीत. अंगणात कपड्यांची दोरी गळ्याच्या उंचीवर बांधलेली असते. न्हाणीघराची पायरी आणि फरशी एकाच राखाडी रंगाची. उंबरठा लाकडाच्याच रंगाचा. कमी दिसणाऱ्याला पायरी दिसते ती तिच्या कडेमुळे, म्हणून उंबरठ्याच्या आणि पायरीच्या कडेला बोटभर रुंद पिवळा रंग ओढला की पाय चाचपायचे थांबतात. खर्च एका छोट्या डब्याचा. पण सगळ्यात मोठी गोष्ट कूलरची. होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो, खिडकीपाशी किंवा वाटेत बसतो, बाज सरकते, टेबल बाहेर जातं. वर्षभर पावलं मोजून चालणाऱ्या माणसाचं घर एका दुपारी बदलून जातं. शिवाय कूलरचा घरघराट. ज्याला डोळ्यांनी कमी कळतं तो कानांनी घर ओळखतो: आईच्या बांगड्या, दाराची कडी, मोरीत पडणारं पाणी. कूलर लागला की ते सगळं बुडून जातं, आणि एप्रिलमध्ये ‘हा उन्हाळ्यात फार चिडचिड करतो’ अशी तक्रार सुरू होते. कूलर लावूच नये असं शेगावच्या मे महिन्यात कोणी म्हणणार नाही. पण त्याची जागा दरवर्षी एकच ठेवावी, मांडणी बदलण्याआधी त्याचा हात धरून नवी वाट दोन-तीनदा चालवावी, आणि जवळ जाताना आधी आवाज द्यावा. एवढं तरी होण्यासारखं आहे.

आवाज देण्यावरून त्यांचं पुढचं बोलणं निघालं.

भाची : काल दादाचे काका-काकू आले, तर त्यांनी मागून येऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवला. तो केवढा दचकला. मग त्यानं हात झटकला आणि सगळे म्हणाले, बघा, मारायला धावतो. मावशी, आमचे काका, म्हणजे दादाचे बाबा, महाराजांच्या संस्थानात सेवा द्यायचे ना?

मावशी : मरेपर्यंत देल्ली. सेवाधारी होते. पाळी आली का घरचं सारं सोडून जात.

भाची : दर्शनाच्या रांगेत म्हातारं माणूस चुकलं तर ते त्याला दंडाला धरून ओढायचे?

मावशी : छे व! आधी हात जोडायचे. ‘माउली’ म्हणायचे. मंग वाट दाखवायचे.

भाची : मी अकोल्यात मदतनिसांना तेच शिकवते. हात लावायच्या आधी नाव घ्या. काय करणार आहात ते सांगा. मग हात पुढे करा, आणि त्याला तुमचा दंड धरू द्या. त्याचा हात तुम्ही ओढू नका.

मावशी : तुमाले कोर्स करून कळलं, आमाले महाराजाच्या दारात कळलं. म्हून तर म्हणते, सेवा मनातून येते. पैसे देऊन आणलेला माणूस सेवा करत नाई, नोकरी करते.

भाची : मनातून येते, मान्य. पण त्या दारात ती नुसत्या मनावर सोडलेली नाही. कोणी कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, कुठली जागा किती वेळा पुसायची, हे सगळं ठरलेलं असतं. संस्थानाचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांच्या इतक्या वर्षांच्या कारभाराचं नाव झालं ते त्या शिस्तीमुळे. भक्ती तर सगळ्याच देवस्थानांत असते. शेगावची स्वच्छता आणि वागणूक सगळीकडे का नाही?

मावशी : तुही गोष्ट पटते. पण एक सांग, सेवाधारी पाळी संपली का घरी जाते. माही पाळी कधी संपन?

माझ्या वाचनात आलेल्या सगळ्या अहवालांपेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो. शेगावात येणारा भक्त ज्या व्यवस्थेला नमस्कार करतो, तिचा कणा म्हणजे पाळी. हजारो माणसं आळीपाळीनं येतात म्हणून प्रत्येक जण ताजा असतो आणि प्रत्येकाच्या तोंडी ‘माउली’ टिकून राहतं. तीच माणसं घरी मात्र एका बाईला चाळीस वर्षं विनापाळी उभं ठेवतात आणि त्याला माया म्हणतात. संस्थानाच्या सेवाकार्यात दवाखाने आहेत, सातपुड्यातल्या आदिवासी गावांत जाणारी फिरती रुग्णालयं आहेत, मतिमंद मुलांसाठी विद्यालय आहे. तालुक्याच्या गावात हे असणं ही मोठी गोष्ट आहे. पण शाळा कुठलीही असो, ती मुलांची असते. अठरा वर्षं झाली की मूल घरी येतं आणि तिथून पुढची पन्नास वर्षं घराच्या भिंतींच्या आत जातात. नजर जाते तीही याच वर्षांत.

भाची : मी कोणाला नोकरीवर ठेव म्हणत नाही. आपल्याच गल्लीतली एखादी मुलगी किंवा बाई, रोज तीन तास. तिनं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला असावा. भारतीय पुनर्वास परिषदेनं २०२१ मध्ये असा एक सुरू केला आहे, समाजाधारित समावेशक विकासाचा, त्यातून निघणाऱ्यांना दिव्यांग मित्र म्हणतात. तेवढ्या तीन तासांत तू मंदिरात जा, झोप, काहीही कर.

मावशी : अन् ती दोन महिन्यात सोडून गेली म्हंजे? त्याले माणसाची सवय लागते. आवाजावरून ओळखते तो. एक बाई ठेवली होती, ती गेली तर आठ दिवस दारात बसून होता.

इथं मी पूर्णपणे मावशीच्या बाजूनं आहे. ज्याला चेहरा नीट दिसत नाही आणि जो कारणं समजून घेऊ शकत नाही, त्याच्यासाठी माणूस बदलणं म्हणजे अख्खं जग बदलणं. मदतीचा दर्जा मोजायचा असेल तर मदतनीस किती शिकलेला आहे याआधी तो किती दिवस टिकला हे विचारावं. टिकतो तो नीट पगार मिळाला तर, आणि घरानं त्याला घरगडी समजून भांडी घासायला लावलं नाही तर. भाचीला हे माहीत आहे. म्हणून तिनं पुढे जे सुचवलं ते मला मोलाचं वाटलं.

भाची : एक वही करूया. पहिल्या पानावर दादाला कोणत्या डोळ्यानं किती दिसतं. पुढे तो कसा उठतो, चहा किती कोमट लागतो, अंघोळीला कोणता तांब्या त्याच्या हातात दिला की त्याला कळतं, कशाला घाबरतो, हो कसं म्हणतो, नको कसं म्हणतो. हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. वहीत नाही.

मावशी : त्याचं ‘नको’ मले कळते. मान खाली घालते अन् अंगठा मुठीत धरते. दुसऱ्याले नाई कळत.

भाची : हेच लिही. पहिलं हेच.

ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठाच्या टिझार्ड केंद्रात जिम मॅन्सेल यांनी आयुष्यभर मदतीच्या दर्जाच्या याच प्रश्नावर काम केलं. मोठ्या संस्था बंद करून माणसं लहान घरांत आणली, तरी त्यातल्या कित्येक घरांत ती दिवसभर नुसती बसूनच राहिली, असं त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. घर लहान आहे, स्वच्छ आहे, मदतनीस प्रेमळ आहे, तरीही. फरक पडला तो मदतनीस त्या त्या क्षणी काय करतो यानं. तो माणसासाठी काम उरकून टाकतो, की कामाचा एक तुकडा त्याच्या हातात देतो? भाजीची जुडी सोडणं, शेंगा निवडणं, देवाजवळच्या निरांजनात वात ठेवणं. दादाला अख्खा स्वयंपाक येणार नाही. तुरीच्या शेंगा सोलायला मात्र डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, आणि वऱ्हाडातल्या घरात हिवाळाभर शेंगा असतातच. मदतीचा दर्जा पाहायचा तर दिवसभरात त्याच्या हाताला किती काम मिळालं आणि त्याला कितीदा विचारलं गेलं, हे पाहावं.

मावशी : सारं करीन. वही करीन, ताट बदलीन. पण तू मले खरं सांग. मी गेली का? मी रोज महाराजाले एकच मागते, याले माह्या एक दिवस आधी ने.

हे मागणं अशा बहुतेक आयांच्या ओठांवर असतं. देवाकडे हे मागायची वेळ एका आईवर येते, यासाठी तिला दोष देऊ नये. दोष आपल्या सगळ्यांचा आहे.

भाची : मावशी, अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. टाकून दिलेली सव्वाशेच्या आसपास मुलं, अंध, मतिमंद, मूकबधिर. त्यांनी सगळ्यांना आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची माला, जळगावच्या रेल्वे स्टेशनवर सापडलेली अंध मुलगी, एमपीएससीची परीक्षा पास झाली.

मावशी : ती हुशार होती. माहा नाई.

भाची : हुशार नसलेलीही तिथेच राहतात ना. तिथल्या टेकडीवर मुलांनी हजारो झाडं लावली, जगवली. बाबांचं सरकारशी भांडण तेच आहे. अठरा वर्षं झाली की बालगृहातून बाहेर काढायचं, हा नियम अशा मुलांना लावू नका, त्यांचं आयुष्यभराचं घर तेच राहू द्या.

मावशी : त्यायले कोणी नव्हतं म्हून ते तिथं हायत. याले मी हाय. मी याले आश्रमात घातलं तर गाव काय म्हणन?

भाची : आश्रमात घाल असं मी म्हणतच नाही. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज केला की दादासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो, तू हयात असतानाच. घरौंदा नावाची योजना आहे, अशा मोठ्या माणसांनी एकत्र राहायच्या घरासाठी. निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंत आहे.

मावशी : बुलढाण्याले घाट चढून कोण जाईन? संजय गांधीचे पैसे चालू कराले किती चकरा मारल्या ते मलेच माहीत.

कायद्यावर मी फार थांबत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांना तो मागण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे, आणि संस्थेऐवजी समाजात राहण्याचाही. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झालं. यातल्या कशानंही मावशीच्या घरात तीन तासांसाठी माणूस आलेला नाही. पैसा खात्यात येतो, आधार येत नाही; आणि मावशीला हवी आहे ती पाळी.

तरी त्यांचं बोलणं रिकाम्या हातानं संपलं नाही.

मावशी : डोळ्याचं मात्र करू. अकोल्याले तू संगं येशील का? मी एकटी याले गाडीत चढवू शकत नाई.

भाची : येईन. सकाळच्या गाडीनं, गर्दी नसताना. आधी डॉक्टरांशी बोलते, की हा कसा आहे आणि त्याला किती वेळ लागेल. चित्रांची कार्डं मी घरी आधीच खेळून घेते त्याच्याकडून.

मावशी : अन् भुलीचं मी तवाच ठरवीन, डॉक्टरले सारं इचारून.

भाची : तूच ठरव. पण दादालाही विचार. त्याचं ‘नको’ तुलाच कळतं.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात असा कोणी प्रौढ असेल, आणि तो गेल्या काही वर्षांत ‘हट्टी’, ‘चिडका’ किंवा ‘घरकोंबडा’ झाला असेल, तर त्याच्या स्वभावाबद्दल मत बनवण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. त्याच्या आईला काय मदत हवी असं मोघम विचारू नका, आठवड्यातला एक वार आणि त्यातले दोन तास तुमचे म्हणून सांगा, आणि ते कधी चुकवू नका. आणि शेगावातल्या नगरसेवकांना एक गोष्ट विचारा. महाराष्ट्रात नगरपरिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत ते वर्षाकाठी थोडे थोडे वाटून संपवले जातात किंवा पडून राहतात. त्यातून दोन प्रशिक्षित मदतनीस कायम पगारावर ठेवले, तर अशा काही घरांतल्या आयांना पाळी मिळेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नगरपरिषदेचा एक ठराव पुरतो.